अर्धविराम मराठीत आला कुठून?

मोडीतले जुने पत्र वाचायला घेतले की आधी जाणवते ते हे, की थांबायचे कुठे याची खूण कुठेच नाही. ओळभर शिरोरेघ ओढायची आणि तिच्याखाली बोरू शक्यतो न उचलता अक्षरे गुंफत जायची, अशी ती रीत. शब्दसुद्धा सुटे नसत. तरी जाणकार अडत नसे. कारण ‘सबब’, ‘तरी’, ‘म्हणोन’ हे शब्दच वाक्याचे सांधे दाखवत. पोथ्यांत दंड असे, एक किंवा दोन उभ्या रेघा. तेवढ्यावर भागत होते.

अर्धविराम जन्मला व्हेनिसमध्ये. तिथले मुद्रक आल्डस मॅन्युशियस यांनी १४९६ साली पिएत्रो बेंबो यांचे एटना पर्वतावरचे छोटेखानी पुस्तक छापले. फ्रान्चेस्को ग्रिफो या कारागिराने त्यासाठी पाडलेल्या छपाईच्या खिळ्यांत वर टिंब, खाली स्वल्पविराम असे हे चिन्ह होते.

मराठीत ते छापखान्याच्या वाटेने आले. मुंबईत १८३२ साली बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ निघाले, तेव्हा एकाच पानावर एका रकान्यात मराठी आणि शेजारी इंग्रजी मजकूर असे. दोन्ही भाषा अशा खेटून छापल्या जात असताना एकीच्या खुणा दुसरीत येणारच होत्या. त्यांना शिस्त लावण्याचे श्रेय मेजर थॉमस कँडी यांना दिले जाते. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशावर काम केलेले हेच कँडी. त्यांची ‘विरामचिन्हांची परिभाषा’ १८५० सालची.

आपल्या शाळेतला नियम त्या काळाची आठवण देतो, असे मला वाटते. दोन वाक्ये ‘पण’, ‘परंतु’ने जोडताना आपण आधी अर्धविराम देतो. आजच्या इंग्रजीत तिथे बहुधा स्वल्पविरामच येतो. कँडींच्या काळच्या इंग्रजीत मात्र अर्धविराम सर्रास असे. इंग्रजीने सोडलेली सवय मराठीने जपली, आणि बरेच झाले. आपले क्रियापद वाक्याच्या शेवटी येते, त्यामुळे ‘पण’च्या आधी एक विधान खरोखरच पुरे झालेले असते. तिथे स्वल्पविराम तोकडा पडतो.

दुसरा उपयोग यादीतला: ‘दादरहून अध्यक्ष, सचिव; ठाण्याहून खजिनदार, दोन सभासद; वसईहून एकटे ग्रंथपाल.’ इथे अर्धविराम काढला तर कोण कुठून आले ते कळणार नाही.

मी प्रुफे तपासतो. हल्ली दहा-दहा पाने उलटली तरी हे चिन्ह दिसत नाही. परवा एक वाक्य आले: ‘गाडी कुर्ल्याला थांबली, दारातली माणसे हलली नाहीत, मागून रेटा आला, पण उतरता आले नाही.’ तीन स्वल्पविराम, तिन्ही सारख्याच वजनाचे. ‘पण’आधीच्या स्वल्पविरामावर तेवढे एक टिंब दिले. लेखकाने फोन करून विचारले, “हे मुद्दाम केलंत?” हो म्हटले. पुढच्या प्रकरणात त्यांनी दोन अर्धविराम स्वतःच घातले होते.