एमपीथ्रीने चोरलेलं गाणं

परवा एका मित्राने क्लिप पाठवली, सोबत मेसेज, "तुझ्या त्या डबड्यात काय ऐकतोस ते बघ एकदा." क्लिपमध्ये कुणीतरी एका गाण्याचं मूळ रेकॉर्डिंग घेतलंय, त्यातून त्याच गाण्याची एमपीथ्री फाईल वजा केलीये आणि जे उरलं ते वाजवून दाखवलंय. आवाज खरंच अंगावर येतो. गायिकेच्या आवाजाचं भूत, झांजांचा चुरा, मागे पाण्याखालून आल्यासारखी खरखर, आणि खाली लाल अक्षरात "हे तुमच्याकडून चोरलं गेलं".

डबडं म्हणजे माझा म्युझिक प्लेअर. दोन बोटांएवढा, स्क्रीन नाही, पाच बटणं, एक मेमरी कार्डची खाच. फोन असताना हे कशाला असं सगळे विचारतात, तर ह्याच्यावर मेसेज येत नाहीत म्हणून, बाकी काही नाही. पण त्या क्लिपने मला पेटवलं, कारण त्यातलं गणित बरोबर आहे आणि निष्कर्ष साफ चुकीचा आहे, आणि असलं अर्धसत्य पूर्ण खोट्यापेक्षा जास्त फिरतं.

आधी हिशोब. सीडीवर आवाज साठवताना सेकंदाला ४४,१०० वेळा मोजतात, प्रत्येक मोजमाप १६ बिटचं (बिट म्हणजे एक शून्य किंवा एक), आणि डावा-उजवा असे दोन कान. गुणाकार करा, सेकंदाला १४,११,२०० बिट होतात. चार मिनिटांचं गाणं म्हणजे साधारण ४२ एमबी. आता १९९८ साली जे पहिले खिशातले एमपीथ्री प्लेअर बाजारात आले, कोरियाचा एमपीमॅन आणि अमेरिकेतला रिओ, त्यांची मेमरी होती ३२ एमबी. म्हणजे सीडीच्या दर्जाचं एक गाणं सुद्धा पूर्ण मावलं नसतं! १२८ केबीपीएसची, म्हणजे सेकंदाला १,२८,००० बिटची एमपीथ्री केली की तेच गाणं ४ एमबीच्या आत येतं, म्हणजे आठ गाणी. अकरापट लहान. ही जादू झाली नसती तर असा खिशातला प्लेअर तेव्हा निघालाच नसता.

आता लोकांना वाटतं गाणं "दाबलं". चादर दाबून बॅगेत कोंबतो तसं. पण दाबलेली चादर बाहेर काढली की पुन्हा तेवढीच होते, एमपीथ्री होत नाही. जे गेलं ते गेलं. मग थोडं वाचलेले लोक म्हणतात, "अरे त्यात न ऐकू येणारे आवाज काढून टाकतात." हेही अर्धंच. मुख्य काम काढून टाकण्याचं नाहीच, मुख्य काम आहे लपवण्याचं, आणि ते समजायला आधी कानात शिरावं लागतं.

कानाच्या आत शंखासारखी गुंडाळलेली नळी असते हे शाळेत चित्रात पाहिलंय. ती नळी उलगडली तर आत लांबीभर एक पडदा असतो, साधारण ३५ मिलीमीटरचा. आवाज आला की त्या पडद्यावर लाट धावते. बारीक म्हणजे जास्त वारंवारतेच्या आवाजाची लाट दाराशीच उंच उठते आणि तिथेच विरते, जाड म्हणजे ढोलासारख्या आवाजाची लाट पार शेवटच्या टोकापर्यंत जाते. कुठे जास्त हललं त्यावरून मेंदूला कळतं सूर कुठला. ही लाट गेऑर्ग फॉन बेकेसी या शास्त्रज्ञाने मृत माणसांच्या कानांवर प्रयोग करून सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्यक्ष बघितली आणि १९६१ चं नोबेल मिळवलं. हे हलणं टिपणाऱ्या, पडद्यावर बसलेल्या आतल्या रोमपेशी किती, तर जेमतेम साडेतीन हजार. सगळं संगीत, सगळी भांडणं, सगळी कुजबुज ह्या साडेतीन हजारांतून जाते.

आता गंमत अशी की एका सुराने पडदा जोरात हलला की फक्त तेवढाच ठिपका हलत नाही, आजूबाजूचा पट्टा पण हलतो. मग त्याच पट्ट्यात दुसरा हळू आवाज आला तर तिथल्या पेशी आधीच कामात असतात, त्यांना नव्याची खबर लागत नाही. हळू आवाज झाकोळला जातो. ह्याला मास्किंग म्हणतात. मिक्सर चालू असताना आतल्या खोलीतून कुणी हाक मारली तर ऐकू येत नाही, तेच. हाक हवेत असते, कानापर्यंत पोचते पण, तरी "ऐकू" येत नाही.

आणि हे झाकोळणं दोन्ही बाजूंना सारखं नसतं! हा माझा सगळ्यात आवडता भाग. जाड आवाज बारीक आवाजाला सहज झाकतो, बारीक आवाज जाडाला फारसं झाकू शकत नाही. का? लाटेचा रस्ता आठवा. बसमध्ये पुढच्या दाराने चढून शेवटच्या सीटवर जाणारा माणूस मधल्या सगळ्यांना धक्के देत जातो, दारापाशीच बसणारा मात्र मागच्यांना त्रास देत नाही. ढोलाची लाट टोकाला जाता जाता वाटेतल्या बारीक सुरांच्या जागा हलवून जाते. वेळेतही असंच असतं, मोठा आवाज थांबल्यावर साधारण १०० ते २०० मिलीसेकंद कान जरा बधिरच राहतो, आणि त्याहून विचित्र म्हणजे मोठ्या आवाजाच्या काही मिलीसेकंद *आधीचा* हळू आवाज पण झाकला जातो, कारण मोठा आवाज मागून येऊन मेंदूच्या रांगेत पुढे घुसतो.

एबरहार्ट त्स्विकर या जर्मन शास्त्रज्ञाने ऐकू येणाऱ्या सगळ्या पट्टीचे असे २४ पट्टे पाडले. त्यांच्या ह्या कामाच्या पायावर जर्मनीतल्या एर्लांगनमध्ये, फ्राउनहोफर संस्थेत, कार्लहाइन्झ ब्रांडेनबुर्ग आणि मंडळींनी एमपीथ्री उभी केली. (वारंवारतेचा विषय निघालाच आहे तर, ते "४३२ हर्ट्झवर संगीत ऐका, विश्वाची कंपनं जुळतात" असे मेसेज येतात ना, हर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती कंपनं, आणि सेकंद आपण माणसांनी ठरवलेला. विश्वाला आपला सेकंद माहीत नाही हो. सेकंद थोडा लांब ठरवला असता तर तोच सूर ४५० चा झाला असता.)

आता मुख्य युक्ती. मोजमाप जाडंभरडं केलं की चूक होते. मिलिमीटरच्या खुणा नसलेल्या, फक्त सेंटीमीटरच्या फूटपट्टीने मोजलं तर प्रत्येक वेळी थोडं इकडे-तिकडे होणार. आवाजात ही चूक खरखर म्हणून ऐकू येते. एक बिट कमी केला की खरखर साधारण ६ डेसिबलने वाढते. सीडीचे १६ बिट म्हणजे ६५,५३६ खुणांची फूटपट्टी, खरखर जवळपास नाहीच. सरळ सगळीकडे ४ बिट वापरले तर फाईल चौपट लहान होईल पण गाणं जुन्या बिघडलेल्या रेडिओसारखं वाजेल.

एमपीथ्री काय करते, गाण्याचे ११५२ मोजमापांचे तुकडे करते (सुमारे २६ मिलीसेकंदांचा एक), आधी ३२ पट्ट्यांच्या चाळणीतून काढते, मग एमडीसीटी नावाच्या गणिताने प्रत्येक पट्ट्याचे अजून १८, म्हणजे एकूण ५७६ बारीक कप्पे. मग त्या क्षणाला कुठला सूर मोठा आहे आणि तो आजूबाजूला किती झाकतोय याचा अंदाज बांधते, आणि प्रत्येक पट्ट्याला वेगळी फूटपट्टी देते. जिथे मोठा सूर वाजतोय तिथे जाडीभरडी फूटपट्टी, कारण तिथे होणारी खरखर त्या सुराच्याच सावलीत लपणार. जिथे सावली नाही तिथे बारीक. जे कप्पे पूर्ण अंधारात आहेत तिथे शून्य लिहून मोकळी. शेवटी वारंवार येणाऱ्या आकड्यांना छोटे कोड, क्वचित येणाऱ्यांना लांब कोड, ते हफमन कोडिंग. घाईत घर आवरताना पसारा फेकून देत नाही, पलंगाखाली ढकलतो, तसं. पसारा घरातच असतो. फक्त एमपीथ्री सेकंदाला अडतीस वेळा पलंग कुठे आहे ते नव्याने बघते.

१९९० च्या सुमारास अमेरिकेतल्या बेल लॅब्स या संशोधन संस्थेत जेम्स जॉन्स्टन आणि ब्रांडेनबुर्ग यांनी एक प्रात्यक्षिक दाखवलं, त्याला "१३ डीबीचा (म्हणजे डेसिबलचा) चमत्कार" म्हणतात. संगीतात चक्क त्याच्या शक्तीच्या विसाव्या भागाएवढी खरखर मिसळली. साधी मिसळली तर कुणालाही ऐकू येईल, पण तीच तेवढीच खरखर मास्किंगच्या सावलीच्या आकाराची करून मिसळली की ऐकू येत नाही किंवा जेमतेम येते!

ही युक्ती फसते कुठे, तर टाळीसारख्या एकदम येणाऱ्या आवाजात. एका तुकड्यातली खरखर त्या पूर्ण तुकड्यावर पसरते, टाळी तुकड्याच्या शेवटी असेल तर खरखर टाळीच्या आधीच्या शांततेत पडते, आणि आधीची सावली फक्त काही मिलीसेकंदांची, म्हणून "फ्स्स-टाळी" असं ऐकू येतं. ह्याला प्री-एको म्हणतात. मग अशा ठिकाणी ५७६ कप्प्यांऐवजी १९२ कप्प्यांच्या तीन छोट्या खिडक्या वापरायच्या, म्हणजे वेळेत बारकाई मिळते पण सुरात जाते, दोन्ही एकदम मिळत नाहीत. जुने किंवा घाईत केलेले एन्कोडर, म्हणजे गाण्याची एमपीथ्री बनवणारे प्रोग्राम, इथेच मार खातात, १२८ ला झांजा किरकिरतात त्या त्याने. ती तक्रार मात्र खरी आहे, मी नाकारत नाही.

आता क्लिपकडे परत. मूळ वजा एमपीथ्री केलं की उरतो तो पलंगाखालचा पसारा. तो गाण्यासारखा का वाजतो? कारण तो मुद्दामच गाण्याच्या सावलीच्या आकाराचा बनवलेला असतो, गायिका वर गेली की तोही वर जातो. आणि तो ऐकू का येतो? कारण ज्याने झाकलं होतं ते गाणंच तुम्ही काढून टाकलंत! मिक्सर बंद करून "बघा, हाक ऐकू येते" म्हणण्यासारखं झालं. क्लिप सिद्ध काय करते, तर फरक आहे. तो कुणी नाकारलाच नव्हता. फरक *गाण्यासोबत* कळतो का, हा प्रश्न होता, आणि त्याला एकच उपाय, कुठली फाईल कुठली ते न सांगता ऐकवायचं. १६ वेळा ओळखायला लावा. नुसत्या अंदाजपंचेने १२ किंवा जास्त बरोबर यायची शक्यता ४ टक्क्यांहून कमी, त्यामुळे १२ आले तर मी मान्य करीन की कान तयार आहे. मित्राला म्हटलं ये बस, तर म्हणे वेळ नाही.

ह्या सगळ्यात माझ्या डबड्याची अक्कल किती? शून्य. सावली कुठे पडते, पलंग कुठे, हे सगळं डोकं एन्कोडरने कधीच चालवलंय. प्लेअर फक्त कप्प्यांतले आकडे वाचून उलटं गणित करतो, त्याला कान म्हणजे काय हे माहीतच नसतं, म्हणून तर इतकी साधी चिप आणि इतकीशी बॅटरी पुरते. २०१७ पासून एमपीथ्रीचं लायसन्स पण कुणाला घ्यावं लागत नाही. आणि हे असं असताना २०१५ साली सोनीने "प्रीमियम साउंड"वालं खास मेमरी कार्ड काढलं होतं, म्हणे विजेचा गोंगाट कमी. अरे कार्डातून आकडे येतात, आकडा बरोबर आला की बरोबर आला, सात हा आकडा जास्त गोड सात नसतो.

स्वस्त प्लेअरचा मठ्ठपणा मात्र वेगळ्याच जागी दिसतो. गाणी एबीसीडीप्रमाणे न लावता ज्या क्रमाने कार्डावर कॉपी झाली त्या क्रमाने वाजवतो, कारण कार्डावरची यादी वरून खाली वाचली की काम संपलं, कोण सॉर्ट करणार. म्हणून मी फोल्डर एकदम न टाकता गाणी एकेक करून टाकतो. सलग मैफिलीच्या रेकॉर्डिंगमध्ये दोन ट्रॅकमध्ये बारीक खड्डा पडतो, कारण एमपीथ्री ११५२ च्या पूर्ण तुकड्यांतच बोलते, शेवटचा अर्धा तुकडा शांततेने भरते. आणि स्क्रीनवाला स्वस्त प्लेअर बिटरेट (सेकंदाला किती बिट) बदलत्या फाईलचा वेळ हमखास चुकवतो. पहिला तुकडा शांत, म्हणून ३२ केबीपीएसचा, त्यावरून तो पूर्ण गाण्याचा हिशोब मांडतो, सरासरी १९२ असेल तर चार मिनिटांचं गाणं चोवीस मिनिटांचं दिसतं, आणि लोक म्हणतात फाईल करप्ट आहे.

मास्किंग अजून एका ठिकाणी आपल्याला धरतं, प्रवासात. बसच्या इंजिनाची घरघर जाड, म्हणजे शेवटच्या सीटवरचा प्रवासी, तो गाण्यातल्या बारीक सुरांना तुडवत जातो, आणि आपण व्हॉल्यूम वाढवत राहतो. गाणं मोठं वाटतच नाही, पण रोमपेशींना पूर्ण मार बसतो, आणि त्या मेल्या की परत येत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशोब आहे की ८० डेसिबल आठवड्याला ४० तास चालेल, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा, ८३ ला २० तास, ८६ ला १०. कान नीट बंद करणारे रबरी टोकाचे इअरफोन घातले की घरघरच कमी होते, व्हॉल्यूमला हात लावावा लागत नाही. माझ्या डबड्याला डेसिबल तर सोडाच, व्हॉल्यूमचा आकडा दाखवायला पण स्क्रीन नाही, म्हणून मी शांत खोलीत आवाज लावून घेतो आणि बाहेर पडल्यावर वरच्या बटणाला फक्त दोनदा हात लावायचा असं ठरवलंय.