मॉडेल रॉकेट उड्डाण

पुठ्ठ्याची नळी, बाल्सा लाकडाचे पंख, प्लास्टिकचे टोक आणि बाजारात तयार मिळणारे घन इंधनाचे इंजिन यांचे छोटे रॉकेट उडवून ते शाबूत परत मिळवण्याचा छंद. दिवाळीतल्या रॉकेटशी याचे नाते लांबचे: याला ना काडी, ना वात, आणि इंजिन बदलले की ते पुन्हा उडते.

अमेरिकेत नेब्रास्का राज्यातल्या नॉरफोक गावी चपला-बुटांचे दुकान चालवणारे ऑर्व्हिल कार्लाइल यांनी १९५४ मध्ये भावाच्या साथीने असे रॉकेट बनवले. व्हाइट सँड्स क्षेपणास्त्र तळावरचे जी. हॅरी स्टाइन यांनी ते उचलून धरले. घरी दारू ठासून जखमी होणाऱ्या मुलांना यात सुरक्षित वाट मिळेल, हे त्यांनी ओळखले. पुढे व्हर्न एस्टेस यांनी दर साडेपाच सेकंदांना एक इंजिन ठासणारे यंत्र उभे केले. त्याचे नाव ‘मेबल’.

इंजिनावर ‘ए८-३’ असे काहीसे छापलेले असते. अक्षर एकूण आवेगाचे, म्हणजे इंजिन किती जोराने आणि किती वेळ रेटते त्याचे. ‘ए’ची कमाल मर्यादा २.५ न्यूटन-सेकंद, पुढच्या प्रत्येक अक्षराला दुप्पट. ८ म्हणजे सरासरी रेटा, न्यूटनमध्ये. शेवटचा ३ म्हणजे इंधन संपल्यापासून पॅराशूट बाहेर फेकणारी दारू पेटेपर्यंतचे सेकंद. नवखा माणूस अक्षर पाहून हुरळतो. रॉकेट परत येणार की नाही, हे बरेचसे या शेवटच्या आकड्यावर ठरते.

उड्डाणाला सकाळ बरी; ऊन चढले की वारा सुटतो. थंडीत प्लास्टिकचे पॅराशूट ताठरते आणि घडीतच चिकटून बसते, म्हणून त्यावर आधी टाल्कम पावडर भुरभुरवतात. इंजिन आणि पॅराशूट यांच्यामध्ये न पेटणाऱ्या कागदाचे बोळे. मग रॉकेट सुमारे ९० सेंटिमीटरच्या पोलादी सळईवर चढवायचे, इंजिन पेटवणाऱ्या इग्नायटरच्या तारांना विजेचे चिमटे लावायचे आणि साडेचार-पाच मीटर मागे सरून, पाचपासून उलटे मोजत बटण दाबायचे. सळई सुटेपर्यंत पंखांना हवा धरता येईल इतका वेग यावा लागतो. ‘ए’ इंजिन सेकंदभरही जळत नाही. पुढची चढण नुसत्या वेगावर. बटण दाबून काहीच झाले नाही, तर मिनिटभर जवळ जायचे नाही. बहुतेकदा दोष काजळलेल्या चिमट्यांचा असतो. सँडपेपरने घासले की काम होते.

स्वतः आखलेल्या रॉकेटचे भारकेंद्र (जिथे ते तोलून राहते तो बिंदू) दाबकेंद्राच्या (जिथे हवेचा दाब एकवटतो तो बिंदू) निदान नळीच्या एका व्यासाइतके पुढे हवे. ते तपासायला रॉकेट भारकेंद्राशी दोरीने बांधून डोक्याभोवती गरगरा फिरवतात. टोक पुढे राहिले तर उडवायला हरकत नाही. पाहणाऱ्यांना हा प्रकार वेडेपणाचा वाटतो.

वारा असला की रॉकेट वाऱ्याच्या तोंडाकडे वळत चढते आणि पॅराशूट उघडले की उलट दिशेला वाहत जाते. ते लवकर उतरावे म्हणून अनुभवी लोक पॅराशूटच्या मधोमध भोक पाडतात. एवढे करूनही ते विजेच्या तारांवर अडकले, तर काढायला जायचे नाही, हे छंदाच्या नियमांतच आहे.