रक्ताधानातील ओळख-पडताळणी

रक्ताधानातील ओळख-पडताळणी : रक्ताची पिशवी आणि खाटेवरचा रुग्ण यांची जुळणी बारकोड, मनगटपट्टी व संगणक यांच्या साहाय्याने पक्की करण्याची पद्धत. मराठीत ‘रक्तसंक्रमण’ हा शब्द अधिक रुळला आहे. त्यातून संसर्गाचाही अर्थ निघतो, म्हणून येथे ‘रक्ताधान’ योजला आहे.

कार्ल लँडस्टायनर यांनी १९०१ मध्ये रक्तगट दाखवून दिल्यावर विजोड रक्ताचा धोका प्रयोगशाळेत पुष्कळ आटोक्यात आला. उरला तो नावांचा घोटाळा. ब्रिटनमध्ये १९९६ पासून ठेवल्या जाणाऱ्या नोंदींत चुकीचे रक्त चढण्यामागे ओळखीतली गफलत वारंवार आढळते. गोव्यात एकाच वॉर्डात दोन मारिया फर्नांडिस किंवा दोन संतोष नाईक सहज असू शकतात. शिवाय नाईक, कामत ही आडनावे जुन्या कागदांवर पोर्तुगीज वळणाच्या स्पेलिंगने येतात, नव्या ओळखपत्रांवर निराळ्या. अशा ठिकाणी नावापेक्षा क्रमांकच भरवशाचा.

परिचारिका आधी रुग्णाच्या मनगटावरची पट्टी स्कॅन करते, मग पिशवी. मेळ बसला नाही तर यंत्र तिथेच अडवते. मात्र नमुन्याच्या नळीवरची चिठ्ठी रक्त काढताना खाटेपाशीच छापली पाहिजे. टेबलावर आधीच चिठ्ठ्या चिकटवून ठेवलेल्या नळ्यांत रक्ताची अदलाबदल झाली, तर यंत्राला सगळे बरोबरच दिसते.

पिशवीवरील ‘आयएसबीटी १२८’ ही आंतरराष्ट्रीय चिन्हपद्धती १९९४ च्या सुमारास आकाराला आली. ‘१२८’ हा आकडा बारकोडच्या १२८ अक्षरचिन्हांवरून आला. रक्तदान क्रमांकात १३ स्थाने असतात : ५ रक्तपेढीची, २ वर्षाची, ६ अनुक्रमाची.

संगणकीय जुळणी साधारण १९९०च्या दशकारंभी रूढ होऊ लागली. तीत रक्त प्रत्यक्ष मिसळून पाहत नाहीत. दोनदा तपासलेला गट आणि प्रतिपिंडांची (परक्या रक्तपेशींवर हल्ला करणाऱ्या प्रथिनांची) नकारात्मक चाचणी यांवरून संगणक पिशवी मोकळी करतो. कोकणपट्टीत येथे एक काळजी घ्यावी लागते. डॉ. वाय. एम. भेंडे व सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये मांडलेला ‘बॉम्बे’ गट नेहमीच्या पेशी-तपासणीत ‘ओ’ भासतो, पण त्या व्यक्तीच्या रक्तद्रवातील एच-विरोधी (‘ओ’ पेशींवरील ‘एच’ या घटकाविरुद्धचे) प्रतिपिंड ‘ओ’ रक्तालाही नष्ट करते. प्रतिपिंड-चाचणीतल्या पेशी ‘ओ’ गटाच्याच असल्याने तेथे हे उघडकीस येते. ती चाचणी गाळली तर संगणकही फसतो. भारतात हा गट साधारण १०,००० त १ असे म्हणतात. गोव्याला तो आकडा तसाच लावू नये.

गोव्यात मुख्य मदार बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या आणि जिल्हा रुग्णालयांच्या रक्तपेढ्यांवर आहे. रक्ताधानातील दुष्परिणामांची नोंद ठेवणारा राष्ट्रीय कार्यक्रम डिसेंबर २०१२ मध्ये सुरू झाला. २०१६ मध्ये आलेल्या ‘ई-रक्तकोशा’वर कोणत्या पेढीत कोणत्या गटाच्या किती पिशव्या आहेत ते कळते, खाटेपाशी रुग्णाची ओळख पटवणे हे त्याचे काम नव्हे.