31 सेंटची ठेव

2 नोव्हेंबर 1903 रोजी अमेरिकेतील रिचमंड शहरात मॅगी लीना वॉकर या कृष्णवर्णीय महिलेने सेंट ल्यूक पेनी सेव्हिंग्ज बँक उघडली, तेव्हा पहिल्याच दिवशी जवळपास 300 खातेदारांनी मिळून 8,000 डॉलरहून अधिक ठेवी ठेवल्या. त्यांतली एक ठेव अवघ्या 31 सेंटची होती. एवढ्याशा खात्याची नोंद ठेवणेही परवडत नाही, असे कोणताही हिशेबी बँकर सांगेल. माझ्या मते मात्र ही बँक टिकली ती अशाच खात्यांवर.

कर्ज देणाऱ्यापुढची खरी अडचण माहितीची असते, कारण पैसे कोण फेडेल हे त्याला ठाऊक नसते आणि म्हणून तो तारण मागतो. वॉकर यांच्या आईप्रमाणे लोकांचे कपडे धुऊन घर चालवणाऱ्या कृष्णवर्णीय बाईकडे तारण कुठून येणार? परंतु आजारपण आणि अंत्यविधीच्या खर्चासाठी वर्गणी गोळा करणारी सेंट ल्यूक ही संस्था बँकेच्या पाठीशी होती, आणि वर्गणी कोण वेळेवर भरते हे तिच्या सभासदांना वर्षानुवर्षे माहीत होते. अर्थशास्त्रज्ञ याला सामाजिक तारण म्हणतात. आपली भिशी आणि कॅरिबियन बेटांवरील ‘सूसू’ याच ओळखीवर चालतात. हप्ता चुकवणाऱ्याला उद्या त्याच गल्लीत तोंड दाखवायचे असते. या पैशातून 1920 पर्यंत सुमारे 600 कुटुंबांच्या घरखरेदीला हातभार लागला.

याच संस्थेने 1905 मध्ये काढलेले ‘एम्पोरियम’ हे मोठे दुकान मात्र साधारण सहा वर्षांत बंद पडले. नेतृत्व तेच होते, सभासदही तेच; फरक होता तो मालात. बँकेचा कच्चा माल म्हणजे बचत, आणि ती वस्तीतच तयार होत होती. दुकानाला लागणारा माल घाऊक व्यापाऱ्यांकडून यायचा, आणि दुकानाला माल देऊ नये म्हणून गोऱ्या दुकानदारांनी त्यांच्यावर दबाव आणला. म्हणजे ग्राहकांचा विश्वास कितीही पक्का असला, तरी पुरवठ्याची दोरी दुसऱ्याच्या हाती असेल तर तो एकटा पुरत नाही.

महामंदीत अमेरिकेतील हजारो बँका बुडाल्या. वॉकर यांनी 1930 च्या सुमारास आपली बँक शहरातील इतर कृष्णवर्णीय बँकांमध्ये विलीन केली. पाय निकामी झाल्यामुळे चाकांच्या खुर्चीतून वावरणाऱ्या वॉकर त्या नव्या बँकेच्या संचालक मंडळाच्या अध्यक्ष झाल्या.