दारातला पसारा: सुतार बोलावण्याआधी एवढं वाचा

पाऊस तोंडावर आला की आमच्याकडे शू-रॅकच्या चौकश्या सुरू होतात. बहुतेकांच्या मोबाइलवर एक फोटो असतो: ऐसपैस प्रवेशाची जागा, नाजूक टेबल, त्यावर फुलदाणी, मागे मोठा आरसा. आपल्या टू-बीएचकेत दार उघडलं की साडेतीन फुटांचा पॅसेज, नाहीतर थेट हॉलच. तिथे ते टेबल मावत नाही. मावलंच तर आठवड्याभरात त्यावर हेल्मेट, लाइटबिल आणि इस्त्रीवाल्याचे कपडे मुक्कामाला येतात. या पत्रकातलं निम्मं काम आमच्याशिवाय होतं. ते आधी करून घ्या, म्हणजे आमच्याकडे येताना खर्चही निम्म्यावर आलेला असेल.

आधी चपला मोजा

घरातले सगळे जोड बाहेर काढा आणि रोज पायात जाणारे वेगळे करा. चौघांच्या घरात ते आठ-नऊ भरतात. उरलेले लग्नकार्याचे, ट्रेकचे आणि ‘लागतील कधीतरी’ म्हणून जपलेले. त्यांची जागा माळ्यावर किंवा पलंगाखालच्या खोक्यात. दारातला रॅक फक्त रोजच्या जोडांचा. ३० इंच रुंदीच्या एका खणात तीन जोड बसतात, म्हणजे तीन खणांत काम भागतं. वीस जोडांचा रॅक मागणाऱ्यालाही आम्ही हेच सांगतो.

सरळ फळीचा रॅक १२ इंच खोल लागतो, कारण मोठ्या माणसाचा बूटच जवळपास तेवढा असतो. साडेतीन फुटी पॅसेजमध्ये मग अडीच फूट उरतात आणि फ्रिज आत-बाहेर करताना सगळ्यांचे हाल होतात. अशा घरात पुढे कलणाऱ्या दाराचा, तिरप्या फळ्यांचा रॅक घ्या. तो ७-८ इंचांत होतो. उंच टाचेचे सँडल आणि जाड बूट मात्र त्यात अडकतात, म्हणून तळाचा एक खण उघडा ठेवायला सांगा.

‘बाहेर लॉबीत ठेवला तर?’ असं हटकून विचारलं जातं. नको. आग लागली तर धुरातून बाहेर पडायची वाट तीच, आणि लाकडी रॅक म्हणजे त्या वाटेतलं सरपण. त्यामुळे आम्ही लॉबीत बसवायचे रॅक करतच नाही.

ओल्याची सोय वेगळी

ओली चप्पल बंद खणात गेली की कुबट वास सुटतो आणि चामड्यावर पांढरी बुरशी धरते. म्हणून रॅकच्या आधी निथळायची जागा हवी. दाराबाहेर काथ्याचं पायपुसणं, आत सुती. त्याच्या बाजूला जुन्या परातीत प्लास्टिकची जाळी ठेवली की ओल्या चपलांचं पाणी खाली साचतं आणि रात्री ओतून देता येतं. लांब छत्र्यांसाठी ६ इंची पीव्हीसी पाइपचा दोन फुटी तुकडा परातीतच उभा करा आणि भिंतीला पट्टीने आवळा, नाहीतर छत्रीच्या वजनाने तो कलंडतो. घडीची छत्री त्यात बुडी मारते, ती हुकालाच लावलेली बरी.

रॅक खराब होतो तो बहुतेक वेळा खालून. रोज लादी पुसताना पाणी तळाच्या कडेला लागतं, स्वस्त पार्टिकल बोर्ड ते पितो, फुगतो, लॅमिनेट सुटतं आणि बिजागरीचे स्क्रू हातात येतात. म्हणून रॅकला ४ इंची पीव्हीसी पाय लावून घ्या. तळाची फळी आयएस ७१० शिक्क्याच्या मरीन प्लायची असू द्या, बाकी ठिकाणी आयएस ३०३ चा साधा प्लाय चालतो. फळीची न दिसणारी खालची कडसुद्धा बंद करून घ्या, तिथेच कारागीर हात आखडता घेतात. पाठ भिंतीपासून अर्धा इंच सुटी आणि दारांना जाळी हवी. पैसे वाचवायचे असतील तर आतून लॅमिनेट नको, ऑइलपेंटचे दोन हात पुरतात.

भिंतीवर काय

हुकांची पट्टी ही सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी वस्तू. मोठ्यांसाठी साडेपाच फुटांवर, मुलांसाठी तीन फुटांवर लावा. मुलांचा हात पोहोचला नाही तर दप्तर सोफ्यावरच पडणार. हेल्मेट, दप्तर, किल्ल्या आणि भाजीची कापडी पिशवी एवढ्याला हुक पुरे. २०१८ च्या प्लास्टिकबंदीनंतर पिशवी घरी विसरली की भाजीवाल्यापाशी पंचाईत होते, तेव्हा तिचा हुक दारालगतच असावा. किल्ल्या मात्र दार उघडताच बाहेरच्याच्या नजरेत येतील अशा टांगू नका.

नव्या इमारतींत आतल्या भिंती बऱ्याचदा सिपोरेक्सच्या, म्हणजे हलक्या सच्छिद्र काँक्रीट ठोकळ्यांच्या असतात. ड्रिल लोण्यात गेल्यासारखं आत गेलं आणि पांढरट भुगा पडला, तर साध्या गिट्टीवर (भोकात ठोकायच्या, स्क्रू धरणाऱ्या प्लगवर) दप्तराचं ओझं टिकणार नाही. तिथे लांब नायलॉनची गिट्टी वापरा. सुटे हुक ठोकण्यापेक्षा प्लायची एक पट्टी चार स्क्रूंनी बसवून त्यावर हुक लावा, वजन वाटलं जातं. दारामागे विजेचा डीबी, म्हणजे घरभरच्या मुख्य स्विचांची पेटी असेल तर त्यावर काहीही टांगू नका. अंधारात त्यातल्या एमसीबीपर्यंत, म्हणजे आपोआप पडणाऱ्या स्विचपर्यंत हात सरळ गेला पाहिजे.

घरात आजी-आजोबा असतील तर आरशाचे पैसे वाचवून १८ इंच उंचीचं भक्कम स्टूल घ्या. बुटाची नाडी बांधताना भिंत धरावी लागत नाही.

आमच्याकडे येताना

पॅसेजची रुंदी खाली, मध्ये आणि वर अशी तीन ठिकाणी मोजा आणि सगळ्यात कमी भरेल ती लिहा, कारण प्लास्टर सरळ नसतं. दार पूर्ण उघडून त्यामागे किती इंच उरतात तेही लिहा. दोन फोटो काढा, एक दार उघडं असताना आणि एक बंद असताना. स्विचबोर्ड, डीबी आणि स्कर्टिंग दिसलं पाहिजे. घरातला सगळ्यात लांब बूट सोबत आणलात तर आणखी बरं, खणाची खोली त्यावरून पक्की करता येते.