बिडाचा बार धरायचा कसा? यूटीएमच्या जबड्यांची पार्श्वभूमी

कोल्हापूरजवळच्या शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांत बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, कास्टिंगबरोबर टेस्ट बारही ओतला जातो. तो लेथवर उतरवून यूटीएमवर (युनिव्हर्सल टेस्टिंग मशीन, ओढून ताकद मोजणारे यंत्र) तुटेपर्यंत ओढला की आकडा रिपोर्टवर चढतो आणि लॉट जाणार की थांबणार ते ठरते. मशीन घेताना चौकशी होते ती ४० टनी की ६० टनी एवढीच. ग्रिप आणि फिक्स्चर, म्हणजे बार धरायचे जबडे आणि जोडण्या, कोटेशनच्या शेवटच्या ओळीत असतात. इतिहास पाहिला तर डोके जास्त खर्ची पडले ते याच ओळीवर.

गॅलिलिओने १६३८ मध्ये खांब वजनाने ओढून तोडण्याचा विचार मांडला, पण धरण्याचा प्रश्न त्याने फारसा मनावर घेतला नाही. डच शास्त्रज्ञ मुशेनब्रोकच्या १७२९ च्या ग्रंथात मात्र नमुन्याची टोके कशी अडकवायची तेही आकृतीसह आहे. पुढे १८६६ मध्ये डेव्हिड कर्काल्डीने लंडनच्या साउथवार्कमध्ये परीक्षणशाळा उघडली. नमुन्याचा आकार बदलला की निकाल बदलतो, हे त्याने प्रयोगांनी दाखवून दिले होते. १८७९ मध्ये अमेरिकेतल्या वॉटरटाउनच्या शस्त्रागारात अभियंता एमरीचे अवाढव्य यंत्र बसले. त्यावर जाड लोखंडी कडी तोडली आणि घोड्याचा केसही. मशीन तेच, पण केस धरायला कडीचे फिक्स्चर कसे चालेल?

सळईसाठी पाचरीचे जबडे रूढ झाले, कारण ओढ वाढेल तशी पाचर स्वतःच आवळत जाते. सौम्य पोलादाला हे मानवते. बार जरा तिरका बसला तरी पोलाद ताणले जाते आणि ताण वाटून घेते. बिडात ती लवचीकता नाही. लांबीतली वाढ एक टक्काही होत नाही, तोवर तुकडा पडतो.

हिशेब सोपा आहे. गोल बारात ओढीची रेषा मध्यापासून जेवढी सरकते, त्याच्या आठपटीला व्यासाने भागले की कडेवरचा जादा ताण मिळतो. आयएस २१० या बिडाच्या भारतीय मानकाप्रमाणे ३० मिमीचा बार ओतून २० मिमीचा केला आणि ओढ अर्धा मिमी बाजूला गेली, तर कडेला २० टक्के जादा ताण. एफजी २६० चा, म्हणजे दर चौरस मिमीला किमान २६० न्यूटन ताण सोसणाऱ्या प्रतीचा, चांगला माल २२० च्या आसपासच तुटलेला दिसेल. मग दोष मेल्टिंगवाल्याच्या माथी!

म्हणून बिडासाठी टोकांना आटे किंवा खांदा पाडून, गोलाकार बैठक असलेल्या होल्डरमध्ये बार बसवायची पद्धत आली. बैठक फिरते, बार आपोआप सरळ रेषेत येतो. दर बारमागे लेथचे काम वाढते, ही तक्रार खरी आहे. तरीही माझ्या मते बिडाचेच काम असेल तर मोठ्या टनेजआधी हा होल्डर घ्यावा.

इचलकरंजीच्या सुताची गोष्ट वेगळी. धागा जबड्यात चेपला की तिथेच तुटतो. त्याला गुळगुळीत गोल खुंटीवर वेढा देतात. घर्षणाने ओढ हळूहळू उतरते आणि क्लँपपर्यंत थोडीच पोचते. बार असो वा धागा, तुकडा जबड्याच्या तोंडाशीच पडत असेल तर रिपोर्टवर सही करण्याआधी जबड्यांचे दाते तपासावेत.