लंगडी, ढांग आणि टाचेमागची शीर

“उड्या नको मारू वं पोरी, पोट सरकी जाई.” तालुक्याच्या क्रीडास्पर्धा जवळ आल्या की चोपडा-यावलकडच्या काही घरांत हे अजून ऐकू येतं. यात एकट्या खान्देशचा दोष नाही. पुरुषांची तिहेरी उडी 1896च्या पहिल्याच ऑलिंपिकमध्ये होती. बायकांची यायला 1996 उजाडलं. गर्भाशय बंध आणि स्नायूंनी जागच्या जागी धरलेलं असतं, निरोगी मुलीचं ते उडीने सरकत नाही. काही खेळाडू मुलींना उडी मारताना लघवी गळण्याचा त्रास होतो, हे खरं. पण त्यावर ओटीपोटाच्या तळच्या स्नायूंचे व्यायाम आहेत.

भार पडतो तो पायावर. तिहेरी उडीतली व्हेनेझुएलाची युलिमार रोहास बघा. 2016ला रिओ ऑलिंपिकमध्ये रौप्य, 2021ला टोकियो ऑलिंपिकमध्ये 15.67 मीटर आणि सुवर्ण. युक्रेनच्या इनेसा क्रावेट्सचा 1995चा 15.50 मीटरचा जागतिक विक्रम त्या दिवशी मोडला. 2022 मध्ये बेलग्रेडच्या बंदिस्त मैदानात ती 15.74 गेली. (आपल्या मयूखा जॉनीने 2011 मध्ये 14.11 मारली होती.)

आता गंमत बघा. तिहेरी उडीत धावत येऊन फळीवरून उडायचं आणि उडालेला पायच आधी टेकवायचा, म्हणजे आपली लंगडी. मग ढांग टाकून दुसरा पाय, आणि तिथून वाळूत. अवघड जागा आहे लंगडी संपते तिथे. समजा, खेळाडू सेकंदाला 2.5 मीटर वेगाने खाली येते आणि 2 मीटर वेगाने पुन्हा वर उठते. वेगात बदल झाला 4.5चा. पाय जमिनीवर असतो जेमतेम 0.15 सेकंद. भागाकार केला की त्वरण येतं 30. त्यात गुरुत्वाकर्षणाचे सुमारे 10 मिळवा: 40, म्हणजे वजनाच्या चौपट. 60 किलोच्या मुलीच्या एका पायावर 240 किलोंचा भार, आणि हा झाला सरासरी. पाय टेकताक्षणीचा झटका त्याहून कितीतरी मोठा. मोजमापांत तो वजनाच्या दहा-पंधरा पटींपर्यंत गेलेला आहे.

म्हणून लंगडी जास्त उंच घेतली तर फायदा होत नाही. जितकं उंच, तितकं जोरात खाली. गुडघा दबतो, पुढचा वेग मरतो आणि ढांग आखूड पडते. जाणत्या खेळाडू पाऊल टेकायच्या आधीच ते मागे ओढत आणतात. त्यामुळे जमिनीच्या तुलनेत पावलाचा पुढचा वेग कमी होतो आणि ब्रेक कमी लागतो. टाचेमागची जाड शीर, अकिलीस टेंडन, या वेळी ताणली जाते आणि आखडताना थोडी ऊर्जा परत देते.

रोहासची नेमकी हीच शीर एप्रिल 2024 मध्ये दुखावली. 2017 पासून ओळीने चार जागतिक सुवर्णं जिंकलेली ही खेळाडू पॅरिस ऑलिंपिकला मुकली. तिथे डॉमिनिकाच्या थिआ लाफाँडने 15.02 मीटरवर सुवर्ण नेलं. अशा वेळी आपल्याकडे ‘नजर लागली’ म्हणून मीठमोहऱ्या उतरवतात. शिरेला नजर कळत नाही, भार कळतो. 2025 मध्ये टोकियोच्या जागतिक स्पर्धेत रोहास परतली आणि 14.76 मीटरवर कांस्य घेऊन गेली.

शाळेतल्या क्रीडाशिक्षकांना एवढंच सांगणं: आपली काळी जमीन वाळली की दगडासारखी होते. तिच्यावर पोरींकडून दिवसभर पूर्ण तिहेरी उड्या मारून घेऊ नका. लंगडी-ढांगेचा सराव गवतावर घ्या, तोही आखूड धावेने, आणि मध्ये एखादा दिवस सोडून.